चेन मेल, प्लेट मेल, स्टडेड लेदर: गेममधली चिलखतं आणि खरी चिलखतं

प्रश्न असा होता: "दादा, आम्ही पाच जण मराठीतून डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा गेम) खेळतो, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी आहे. पुस्तकात पॅडेड, स्टडेड लेदर, रिंग मेल, चेन मेल, स्केल, स्प्लिंट, हाफ प्लेट, प्लेट अशी लांबलचक यादी आहे पण माझ्यासाठी ते सगळं नुसते एसीचे (आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड ते) आकडे आहेत, वर्णन करायला गेलो की अडखळतो. यातलं खरं किती? मराठीत काय म्हणू? आणि एक प्लेयर म्हणतो की प्लेट घातलेला माणूस पडला की त्याला स्वतःहून उठता येत नाही, मग तशी पेनल्टी लावू का?"

पेनल्टीचं आधी सांगतो. अजिबात लावू नकोस. मी कामानिमित्त सहा वर्षं इंग्लंडात लीड्सला होतो आणि तिथे सुट्टीच्या दिवशी पंधराव्या शतकातल्या लढाया उभ्या करणाऱ्या एका ग्रुपबरोबर जायचो, त्यामुळे अंगाच्या मापाचं पूर्ण प्लेट, म्हणजे पोलादी पत्र्यांचं चिलखत, घालून मी पडलोय, उठलोय, कुंपणावरून पलीकडे गेलोय, जिने चढलोय. रणांगणावर घालायचं पूर्ण प्लेट साधारण 20 ते 25 किलोचं असतं. आकडा ऐकून जड वाटतं पण ते सगळं पाठीवर लटकलेलं नसतं ना, अंगभर वाटलेलं असतं, आणि प्रत्येक तुकडा तिथल्या सांध्याबरोबर हलतो. फ्रान्सचा मार्शल बूसिको, जो 1415 ला अॅजिन्कूरच्या लढाईत पकडला गेला, त्याच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात आहे की तो हेल्मेट सोडून बाकी सगळं चढवून कोलांटी मारायचा आणि पोलादी अंगरखा घालून शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांवर वर चढायचा. आता तो असामान्यच माणूस होता, पण निदान उठून उभं राहणं तरी कुणालाही जमतं. सरदाराला क्रेनने घोड्यावर बसवायचे वगैरे जे ऐकतो ते विसरून जा. भाल्यांच्या खेळासाठी, म्हणजे जाउस्टिंगसाठी, वेगळं जाडजूड चिलखत असायचं, ते 40 किलोपर्यंत जायचं आणि त्यात फक्त घोड्यावर बसून समोरून येणारा फटका झेलायचा असायचा, त्या चिलखतावरून लोकांनी युद्धातल्या चिलखताबद्दल मत बनवलं.

पेनल्टी लावायचीच असेल तर दमण्याची लाव. 2011 मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रतिकृती चिलखतं घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून, पळवून मोजलं, तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट लागते असं निघालं. कारण सोपं आहे, पायात लोखंड असलं की प्रत्येक पावलाला ते वजन पुढे झुलवावं लागतं. शिवाय छाती आवळलेली असते त्यामुळे पोटभर श्वास येत नाही, आणि व्हायझर, म्हणजे हेल्मेटची तोंडावरची झडप, खाली असलं की स्वतःचाच गरम श्वास परत तोंडावर येतो. दोन मिनिटं जोरात लढलो की मला व्हायझर वर करावंसं वाटायचंच, आणि खऱ्या लढाईत नेमका तोच क्षण धोक्याचा. तुझ्या प्लेयरला हे दे. तो हळू होत नाही, लवकर थकतो.

आता नावं. गेमची यादी वाचताना असं वाटतं की ही एक शिडी आहे, खाली पॅडेड, वर प्लेट, पैसे आले की एक पायरी वर. खरं म्हणजे हे थर आहेत, एकावर एक घालायचे. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, बाकी तपशील. कुठलंही नाव समोर आलं की तीन गोष्टी विचार: कशाचं बनलंय, अंगाच्या कुठल्या भागावर बसतं, आणि कुठल्या शतकातलं आहे. गेमच्या यादीत तिन्ही गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. चेन मेल हे मटेरियल आहे, ब्रेस्टप्लेट हा अंगाचा भाग आहे, हाफ प्लेट म्हणजे किती अंग झाकलंय ते, आणि तरीही तिन्ही एकाच रांगेत बसवलीत, म्हणून तू अडखळतोस.

सगळ्यात आतला थर कापडाचा. गॅम्बेसन, किंवा इंग्लिश कागदपत्रांत अॅकेटन. अॅकेटन हा शब्द अरबी अल-कुत्न वरून आलाय, म्हणजे कापूस, कॉटनही तिथूनच. तागाचे थर, मध्ये कापूस किंवा लोकर किंवा जुनी चिंधी, आणि वरून उभे टाके. आपल्या लोकांना हे समजवायला मी नेहमी म्हणतो की ही अंगात घालायची गोधडी आहे, आजी जशी जुन्या साड्यांचे थर लावून टाके घालते अगदी तसंच काम. गेममध्ये पॅडेडला सगळ्यात खालचं 11 एसी आहे आणि कुणी ते घेत नाही, पण खरं तर याच्याशिवाय वरचं काहीच चालत नाही. सुरुवातीला एकदा माझ्या मापाचं गॅम्बेसन नव्हतं म्हणून मी टीशर्टवरच कड्यांचं चिलखत घातलं, आणि लाकडी काठीचा एक साधा फटका खांद्यावर बसला तर पुढचे दहा दिवस हात डोक्याच्या वर जाईना. धार अडली असती हो, पण मार सगळा आत. धार अडवते ती कडी, मार खाते ती गोधडी.

आणि नुसतं कापडही कमी समजू नकोस. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातल्या एका हुकुमात सैनिकांच्या जॅकचं वर्णन आहे, तागाच्या 25 ते 30 घड्या आणि वरून हरणाचं कातडं. जॅक म्हणजे असंच जाड शिवलेलं जाकीट, गरीब धनुर्धाऱ्याचं तेवढंच चिलखत.

त्यावर मेल. मेल म्हणजेच कड्या. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या माय वरून आलाय, म्हणजे जाळीचं एक घर, त्यामुळे चेन मेल म्हणणं हे लेडीज बाई म्हणण्यासारखं आहे, एकच गोष्ट दोनदा. त्या काळात लोक नुसतं मेल म्हणायचे, चेन हे खूप नंतर चिकटलं. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते आणि तिची टोकं चपटी करून त्यात बारीक रिव्हेट मारलेला असतो. एका गुडघ्यापर्यंतच्या झग्याला वीस-तीस हजार कड्या सहज लागतात, आता विचार कर किती दिवस कुणीतरी बसून हे केलं असेल. लांब झगा म्हणजे हॉबर्क, आखूड म्हणजे हॉबर्जन, डोक्याची टोपी म्हणजे कॉइफ. वजन दहा-बारा किलो आणि ते सगळं खांद्यावर, म्हणून कमरेला पट्टा घट्ट आवळायचा आणि वरून थोडं मेल ओढून पट्ट्यावर फुगवायचं, की निम्मं वजन कमरेवर जातं. ही गोष्ट तुझ्या पॅलाडिनला, म्हणजे गेममधल्या धर्मयोद्ध्याला, करायला लाव, दोन सेकंदांत वर्णन जिवंत होईल. आवाजाचंही बघ. मेलचा खणखणाट होत नाही, सळसळ होते, सुट्या नाण्यांची पिशवी हळूच हलवल्यासारखी. खणखणाट प्लेटचा.

मग रिंग मेल काय? नव्हतंच, निदान युरोपात तरी नाही. या भागावर मी जरा थांबतो कारण गोंधळ सगळा इथून सुरू झालाय. बाय्यूचं जे भरतकाम आहे, 1066 च्या नॉर्मन स्वारीचं, लोकरीच्या धाग्यांनी तागाच्या लांब पट्टीवर केलेलं, त्यात सैनिकांच्या अंगावर मोठमोठी सुटी वर्तुळं दाखवलीत, काही ठिकाणी जाळीसारख्या तिरक्या रेघा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश संग्राहकांनी हे बघून म्हटलं की हे वेगळं चिलखत, ते वेगळं चिलखत. सॅम्युअल रश मेरिक यात सगळ्यात पुढे, 1824 साली त्याने ही वर्गवारी छापली, रिंग्ड, ट्रेलिस्ड, मॅस्कल्ड, बँडेड अशी चित्रातल्या प्रत्येक खुणेला एकेक नाव. पण सुईदोऱ्याने बारीक कड्या काढणार कशा? वर्तुळ ही खूण होती. वारली चित्रात माणूस दोन त्रिकोणांचा काढतात, त्यावरून पालघरकडचे लोक कसे दिसायचे हे ठरवलं तर जशी चूक होईल तशीच ही चूक आहे. दगडी पुतळ्यांचंही तेच, शिल्पकाराने कड्यांच्या ओळींमध्ये पट्टी कोरली की झालं बँडेड मेल. पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी, विशेषतः 1958 मध्ये क्लॉड ब्लेअरने, हे सगळं बाजूला ठेवून सांगितलं की बाबांनो हे सगळं एकच, साधं मेल आहे. पण तोवर जुन्या पुस्तकांतली नावं सगळीकडे पसरली होती. 1974 च्या पहिल्या डीअँडडीत फक्त लेदर, चेन मेल आणि प्लेट मेल होतं, 1978 च्या अॅडव्हान्स्डमध्ये रिंग, स्टडेड, बँडेड, स्प्लिंट सगळी भरती झाली, आणि तिथून कॉम्प्युटर गेम्समध्ये. म्हणजे आज तुझ्या कॅरॅक्टर शीटवर जे रिंग मेल आहे ते दोनशे वर्षांपूर्वी एका भरतकामाच्या चुकीच्या वाचनातून आलंय.

स्टडेड लेदर हीसुद्धा अशीच बघण्यातली चूक असावी असं मला ठामपणे वाटतं. ब्रिगँडाइन नावाचं चिलखत असतं, पंधराव्या शतकात फार चालायचं. मखमल किंवा जाड कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट, आतून शेकडो छोट्या पोलादी पट्ट्या एकमेकींवर चढवून रिव्हेट मारलेल्या. बाहेरून काय दिसतं? कापड, आणि रिव्हेटच्या डोक्यांच्या ओळी. आतलं पोलाद दिसत नाही. जुन्या चित्रात असा माणूस बघितला की वाटणारच, हे कापड किंवा चामडं आहे आणि त्यावर खिळे ठोकलेत. नुसत्या चामड्यावर ठोकलेले खिळे काहीच अडवत नाहीत, उलट भोकं पडून चामडं कमजोर होतं. खरं काम आतल्या पट्ट्यांचं. ब्रिगँडाइनच्या आधीची पिढी म्हणजे कोट ऑफ प्लेट्स, त्यात पट्ट्या मोठ्या आणि थोड्या. त्याचे सगळ्यात चांगले नमुने स्वीडनच्या गोटलांड बेटावर विस्बीला मिळालेत, 1361 च्या जुलैमध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने तिथल्या शेतकऱ्यांना कापलं आणि प्रेतं चिलखतासकट सामुदायिक खड्ड्यांत पुरली. त्या कवट्यांवर अजून मेलच्या टोप्या आहेत. पहिल्यांदा ते फोटो बघितले तेव्हा मी गेमसाठी म्हणून वाचत होतो आणि मग बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. ही माणसं होती, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावरचं चिलखत तेव्हाच जुनं झालेलं होतं.

प्लेट मेल या शब्दावर इंग्रजीत खूप भांडणं होतात की असं काही नसतंच, प्लेट म्हणजे पत्रे आणि मेल म्हणजे कड्या, मग प्लेट मेल काय? युरोपच्या सरदारापुरतं ते बरोबर आहे, त्याला नुसतं प्लेट म्हण, किंवा त्या काळच्या भाषेत हार्नेस. उघड्या चकचकीत पोलादाचं असेल तर व्हाइट हार्नेस. पण कड्या आणि पत्रे एकाच विणीत गुंफलेलं चिलखत खरोखर होतं आणि ते आपल्याकडे होतं, इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्तानात. कड्यांच्या झग्यात छातीपाशी, पाठीला पोलादी पट्ट्या विणलेल्या. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये हत्तीचं चिलखत आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लाइव्ह कुटुंबाने इकडून नेलेलं, त्यात आज 5,840 पत्रे उरलेत कड्यांनी जोडलेले आणि वजन 118 किलो. मी त्याच्यासमोर जितक्या वेळा उभा राहिलो तितक्या वेळा मनात आलं की प्लेट मेल म्हणतात ते हे. तुझ्या जगात दक्षिणेकडचं एखादं राज्य असेल तर तिथल्या घोडदळाला बिनधास्त प्लेट मेल दे.

बाकीची पटकन. स्केल म्हणजे खवले, कापडावर किंवा चामड्यावर माशासारखे शिवलेले. लॅमेलर त्याच्यासारखंच दिसतं पण त्यात मागे कापड नसतं, पट्ट्या एकमेकींनाच दोरीने बांधलेल्या असतात, बायझंटाइन, मंगोल, जपानी लोकांकडे बघ. स्प्लिंट युरोपात होतं पण हातापायांना, नडगीवर किंवा पुढच्या हातावर उभ्या लोखंडी पट्ट्या चामड्याला रिव्हेट केलेल्या, अख्ख्या अंगाचं 17 एसीवालं स्प्लिंट ही गेमची कल्पना. चामडं होतं पण ते जाकिटासारखं मऊ नव्हे, उकळत्या पाण्याने किंवा तशाच प्रक्रियेने कडक केलेलं, फ्रेंच नाव क्वीर बुयी. 1278 ला विंडसरला एडवर्ड पहिला याने टूर्नामेंट भरवली तेव्हा 38 जणांसाठी चामड्याची चिलखतं करून घेतली होती आणि तलवारी व्हेलबोनच्या (व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांच्या), म्हणजे खेळासाठी चामडं चालायचं. हाफ प्लेट म्हणजे अर्धं पोलाद असं नाही, पायांशिवायचं चिलखत, हे मुख्यतः सोळाव्या शतकातलं.

शतकांचं एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरेल. अकरावं-बारावं शतक म्हणजे गॅम्बेसन, मेल, नाकावर पट्टी असलेलं टोकदार हेल्मेट आणि लांब ढाल. तेरावं म्हणजे बादलीसारखं ग्रेट हेल्म आणि मेलवर पहिले पत्रे, आधी गुडघ्याला, कारण घोड्यावर बसलेल्याचा गुडघा जमिनीवरच्या माणसाच्या नेमका हाताशी येतो. चौदावं शतक सगळ्यात मजेचं, सगळं अर्धवट, कोट ऑफ प्लेट्स, हातापायांना पत्रे, आत मेल, डोक्यावर बॅसिनेट आणि त्याला मानेभोवती लोंबणारी मेलची झालर, तिला अॅव्हेंटेल म्हणतात. 1400 ते 1420 च्या आसपास अंग नखशिखांत पोलादात गेलं. मग मिलानचं गोलगरगरीत आणि जर्मनीतलं, म्हणजे ऑग्सबुर्ग, लँड्सहूटकडचं, टोकदार घड्या-घड्यांचं असे दोन घाट पडले. माझं स्वतःचं मत विचारशील तर फॅन्टसीसाठी चौदावं शतक घे. प्रत्येक पात्राचं चिलखत वेगळं दिसू शकतं, गरीब सरदार बापाचं मेल घालतो, श्रीमंत नवे पत्रे लावतो, आणि अंगावरूनच कळतं कुणाची परिस्थिती काय.

आता तुकड्यांची नावं, ती पाठ करण्यापेक्षा एकदा माणसाला चढवून बघ, लक्षात राहतात. पंधराव्या शतकातलं एक इंग्लिश हस्तलिखित आहे, पायी लढणाऱ्याला कसं सजवायचं त्याचं, त्यात क्रम पायापासून वर जातो आणि आजही तसंच करावं लागतं, कारण एकदा छाती चढवली की खाली वाकता येत नाही. आधी अंगात आर्मिंग डबलेट, म्हणजे घट्ट शिवलेला अंगरखा ज्याला जागोजाग मेण लावलेल्या नाड्या असतात. काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला मेलचे तुकडे शिवलेले, कारण तिथे पत्रा बसत नाही. मग पावलावर सॅबटॉन, नडगी-पोटरीवर ग्रीव्ह जे बिजागरीने उघडून बंद होतं, गुडघ्यावर पोलेन, त्याला बाहेरच्या बाजूने पंख असतो गुडघ्याची मागची बाजू झाकायला, मांडीवर क्विस, आणि ते वर नाड्यांनी डबलेटला टांगलेलं. मग छातीचं ब्रेस्टप्लेट आणि पाठीचं बॅकप्लेट, दोन्ही मिळून क्युरास, खाली पोटावर आडव्या पट्ट्यांचा घेर तो फॉल्ड, त्याला मांड्यांवर लोंबणारे दोन पत्रे टॅसेट. हाताला खालून वर व्हॅम्ब्रेस, कोपरावर कूटर, दंडावर रेरब्रेस, खांद्यावर पॉलड्रन. गळ्याला गॉर्जेट किंवा सॅलेट हेल्मेट असेल तर हनुवटीपर्यंत येणारा बेव्हर. शेवटी हेल्मेट आणि गॉन्टलेट, आणि गॉन्टलेटच्या तळव्याला पोलाद नसतं, नुसतं चामडं, नाहीतर तलवार धरणार कशी.

हे झालं की दुबळ्या जागा कुठे ते आपोआप कळतं: काख, कोपराची आतली बाजू, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, तळवा, डोळ्यांची फट. तलवारीच्या वाराने प्लेट कापली जात नाही, कधीच नाही. म्हणून त्या काळात लोक तलवार मधोमध पात्याला धरून टोक काखेत खुपसायचे, नाहीतर पोलॅक्स (लांब दांड्याची कुऱ्हाड) किंवा हातोड्याने बडवून खाली पाडायचे आणि छातीवर बसून खंजीर व्हायझरच्या फटीत घालायचे. तू वर्णन करताना समोरच्याला 18 एसी गाठता आला नाही की "वार हुकला" म्हणू नकोस. "तलवार पॉलड्रनवरून घसरली" म्हण. वार लागला की "काखेतल्या कड्या उसवल्या" म्हण. आकडा तोच राहतो पण प्लेयरला दीड हजार सोन्याची नाणी कशावर खर्च केली ते कळतं. ढालीचंही सांगतो, पूर्ण प्लेट आल्यावर पायी लढणाऱ्या सरदारांनी ढाल जवळजवळ सोडून दिली, दोन्ही हात मोठ्या हत्याराला मोकळे. गेम प्लेटबरोबर ढालीला दोन एसी देतो त्यामुळे प्लेयर घेणारच, घेऊ दे, पण तू स्वतः चालवतोस त्या एनपीसी सरदारांना ढालीशिवाय दोन हाती पोलॅक्स दिलास तर ते जास्त खरे वाटतील आणि जास्त घाबरवतील.

मराठी शब्दांचं. आमच्या टेबलावर बऱ्याच भांडणांनंतर आम्ही असं ठरवलं की आर्मर या अर्थी कवच, आणि मेलसाठी चिलखत. बोलीत आपण चिलखत कशालाही म्हणतो, पण प्रतापगडाच्या भेटीची गोष्ट आठव, 1659, अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. आतून घालता येतं, वरून कळत नाही, अंगाबरोबर वाकतं, म्हणजे डोळ्यासमोर कड्याच येतात. मग प्लेटला पोलादी कवच, स्केलला खवल्यांचं कवच, गॅम्बेसनला गोधडीचा अंगरखा. पत्र्याचं कवच मात्र म्हणू नकोस, ऐकणाऱ्याला घरावरचा पत्रा आठवतो. हेल्मेटला शिरस्त्राण जड वाटलं तर टोप. जिरेटोप हा शब्द जपून वापर, त्यातलं जिरे हे फारसी जिरह वरून, म्हणजे कड्यांचं चिलखत, तेव्हा मुळात कड्यांची झालर लावलेला टोप, बॅसिनेटच्या जवळचाच, पण आज तो शब्द उच्चारला की प्रत्येक मराठी माणसाला एकच चेहरा दिसतो आणि तुझा बटू योद्धा तिथेच गायब होतो. घोड्याच्या बार्डिंगला पाखर म्हण. हत्तीघोड्याच्या चिलखताला जुन्या मराठीत हाच शब्द आहे, मायेची पाखर आपण म्हणतोच. माझ्या एका प्लेयरने पहिल्यांदा "घोड्याला पाखर घाल" म्हटलं तेव्हा सगळं टेबल दोन क्षण शांत झालं होतं, इतका तो शब्द बरोबर बसला. व्हॅम्ब्रेस, पॉलड्रन वगैरेंना ओढूनताणून संस्कृत शब्द तयार करू नकोस, हाताचं पोलाद, खांद्याचं पोलाद म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आणि यादी बदलायची असेल तर अशी बदल, आकड्यांना हात न लावता. स्टडेड लेदर खोडून जॅक लिही, 12 एसी अगदी शोभतो आणि चोराला चालतं. रिंग मेल खोडून जुनं, कड्या गंजलेलं, आखूड हॉबर्जन लिही, बापजाद्यांचं. स्केलच्या जागी कोट ऑफ प्लेट्स चालेल. ब्रेस्टप्लेट तसंच ठेव पण 14 एसीमध्ये आत गोधडी आणि बाह्यांना मेल धरलंय असं सांग. स्प्लिंट 17 ला ब्रिगँडाइन आणि हातापायांना पत्रे असं कर. पॅडेडला स्टेल्थवर, म्हणजे लपूनछपून जाण्यावर, डिसअॅडव्हान्टेज आहे ते मी काढून टाकतो, गोधडीचा आवाज होत नाही.

एक शेवटचं, पुढच्या सेशनला करून बघ. फिफ्थ एडिशनमध्ये जड कवच चढवायला दहा मिनिटं लागतात आणि सगळे ते विसरतात. खऱ्यात मदतनीस तरबेज असला तर साधारण तेवढीच लागतात, एकट्याला तर पाठीमागची बक्कलं लावताच येत नाहीत. तर रात्री छावणीवर हल्ला कर आणि पॅलाडिनला सांग, तुझ्या स्क्वायरच्या हातात तीन मिनिटं आहेत, काय घालतोस? एरवीचा पायापासूनचा क्रम आता उपयोगाचा नाही. मी असतो तर पहिल्यांदा टोप, मग क्युरास, मग गॉन्टलेट, आणि पाय उघडे ठेवून बाहेर पडलो असतो, आणि मग तू शत्रूच्या भालेवाल्यांना नेमका त्या उघड्या मांडीवर नेम धरायला लाव.